मंडळाच्या जुन्या ढोलकीचं खोड: रंग खरवडायचा की तसाच ठेवायचा?

टाळकरी (आर्वी, जि. वर्धा)

रामराम मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक जुनी ढोलकी आहे, दोरी-कड्यांची. दोन्ही पुड्या (तोंडांवरची चामडी) फाटल्या म्हणून यंदा नव्या मढवायच्या ठरल्या, आणि पुड्या उतरवल्यावर खोडाची दशा उघडी पडली. ऑइलपेंटचे थरावर थर. वरून लाल, खाली हिरवा, कुठे कुठे निळा. पापुद्रे सुटलेत. दोरीनं घासून लाकडावर चऱ्या पडल्यात. उजव्या काठापासून वीतभर उभी चीर आहे. डाव्या तोंडाजवळ बारीक बारीक भोकं आहेत, थापटलं की पिवळट भुकटी गळते.

पोट्टे म्हणून रायले, सोनेरी स्प्रे मारू आणि वरून रेडियमनं मंडळाचं नाव टाकू. म्हातारे म्हणतात हात लावू नका, आवाज जाईल. मी मधात. काकडा कोजागिरीपासून बसतो, त्याच्या आत ढोलकी वाजती झाली पाहिजे. रंग कोणता लावू, एवढंच विचारतो.

पटाशी (अचलपूर)

रंगाचं शेवटी पाहू. आधी ती भुकटी कशाची ते पाहा. भोकं टाचणीच्या डोक्याएवढी आणि भुकटी मैद्यासारखी मऊ असेल तर भुंगा लागला आहे. दाणेदार असेल तर दुसरा किडा. खोड काळ्या कागदावर उभं करा, रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर ताजी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे. त्याच्यावर रंग मारला तर तो आतून खात राहतो आणि तुम्हाला वर्षभर पत्ता लागत नाही.

हा भुंगा लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग खातो, गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. म्हणून भोकं एकाच बाजूला असतील तर घाबरू नका. खोड कोरताना त्या अंगाला पांढरी राहून गेली असेल.

आणि लाकूड कोणतं आहे? शिसम, शिवण, बिजा, आंबा, सगळ्यांची तऱ्हा वेगळी.

कपाशीवाला

एवढी चिंता काहून करता भाऊ. कपाशीवर मारतो थेच औषध सिरिंजनं भोकात भरा. किडा काय, किड्याचा बापही मरते.

पळसफूल (यवतमाळ)

नको हो. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. ती उघड्या रानात होती. इथे तर तुम्ही तेच औषध अशा वस्तूत भरायला सांगता, जी मांडीवर घेऊन दोन-दोन तास वाजवतात, आणि जिच्यावर लहान पोरं हात मारून त्याच हातानं प्रसाद खातात. शेतातलं औषध शेतातच राहू द्या.

हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी तयार भुंगानाशक मिळतं, तेलात मिसळलेलं. ते ब्रशनं लावून, भोकांत भरून, हवेशीर जागी वास जाईपर्यंत ठेवतात. पण मला विचाराल तर त्याहून सोपा उपाय आहे: थंडी. संग्रहालयांत लाकडी वस्तूंतला किडा गोठवून मारतात. खोड जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं, आतली हवा दाबून काढायची, चिकटपट्टीनं बंद करायचं आणि उणे 18 ते 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर प्लास्टिक लगेच फाडायचं नाही. खोड खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडायचं, नाहीतर सगळं पाणी लाकडावर जमतं.

कपाशीवाला

ताई, डीप फ्रीझर कोणाकडे हाय? मयताची पेटी आणू का?

पळसफूल (यवतमाळ)

कुल्फीवाल्याकडे असतो की. आता श्रावण-भादव्यात त्याचा धंदा तसाही थंडच. ढोलकीचं खोड मावेल एवढी जागा देईल.

नवीनच_आलो

एवढा खटाटोप? ऑनलाइन नवी ढोलकी मागवा. नटबोल्टची. दोन दिवसात घरपोच.

टाळकरी

नवीही आहे जी मंडळाकडे, नटबोल्टचीच. ती पोट्टे वाजवतात. ही कोणाला टाकवत नाही.

पटाशीभाऊ, कागदावर ताजी भुकटी पडली. कुल्फीवाला हो म्हणाला, फक्त "आत चामडं नाही ना?" एवढं विचारून घेतलं. लाकूड कोणतं ते इथं कोणालाच सांगता येत नाही. वजनाला भारी आहे.

पटाशी

भारी असेल तर शिवण नाही, ती हलकी असते. आंबाही नसावा. जिथे रंग सुटला आहे तिथे पांढरं फडकं ओलं करून थोडा वेळ दाबून धरा. पिवळा डाग पडला तर बिजा. मधुमेहाला पाणी पितात तो बिजासाराचा पेला याच लाकडाचा. गाभ्याचं लाकूड पाण्यात पडलं की रंग सोडतं.

रंगारी (हिंगणघाट)

मी घरं रंगवतो, ढोलक्या नाही, तरी एक सांगून ठेवतो. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याच्या आधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही लाल, पिवळा, हिरवा अशा भडक रंगांत, शिसं भरपूर असायचं. तुमचे तिन्ही थर त्या आधीचेच दिसतात. म्हणून कोरडा पॉलिश पेपर घासून धूळ उडवू नका. अंगणात पोरं खेळत असताना तर मुळीच नको. ब्लोअरनं तापवून रंग काढतात तेही नको. तापल्यावर धूर निघतो, आणि चीर आणखी फाकते ते वेगळंच.

काचेच्या तुकड्यानं खरवडा. जुने सुतार तसंच करायचे. तुटक्या काचेची धार लाकडावर उभी धरून ओढायची, रंगाच्या पट्ट्या निघतात, धूळ होत नाही. हातात जाड मोजे घाला. राहिलेला रंग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या वॉटर पेपरनं काढा, 120 नंबरनं सुरू करून 220 पर्यंत. बिडी लांब ठेवा. निघालेला रंग कागदावर गोळा करून गुंडाळून टाका, चुलीत घालू नका.

पेंट रिमूव्हर मीही वापरतो, पण चिरेत आणि भोकांत शिरला की नंतर कितीही पुसा, वरचा नवा रंग तिथे धरत नाही.

वडसा_रातपाळी (जि. गडचिरोली)

जय जोहार. झाडीपट्टीच्या नाटकांत ढोलकी वाजवतो. म्हाताऱ्यांचं म्हणणं आवाज जाईल, त्यावर बोलतो जी.

आवाज पहिला पुडीचा. शाई (पुडीवरचा काळा गोल) कशी बसली, डाव्या पुडीला आतून मसाल्याचा लेप किती लागला, ताण सारखा आहे का, यावर ठरतो. खोडाचा वाटा पोकळीचा आकार, भिंतीची जाडी आणि काठ, एवढा. बाहेरून एक पातळ हात पॉलिश मारलं की ऑइलपेंट, कोणाच्या कानाला कळत नाही. मी तरी ओळखू शकणार नाही, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र रात्र तेच ऐकतो.

पण काठ! तिथे सगळी गोष्ट आहे. पुडी ज्या कडेवर बसते ती कड जुन्या ढोलकीत दोरीच्या ताणानं कुठे दबलेली, कुठे उडालेली असते. रंगवणारे ब्रश काठावरूनही फिरवून देतात. मग ऑइलपेंट गरमीत चिकट होतो, पुडी तिथे धरून बसते आणि चढवता-उतरवताना सारखी सरकत नाही. सुराला लावता लावता वाजवणारा पागल होते. काठावरचा रंग पूर्ण काढा आणि तिथे नवा लावू नका. नुसतं मेण चोळा.

काठ सपाट आहे का ते पाहायला: गुळगुळीत फरशीवर खडूची पूड पसरा, खोड उलटं ठेवून थोडं फिरवा. जिथे पूड लागली तो उंच भाग. अंधारात खोडाच्या आत टॉर्च ठेवला की खालून उजेड कुठे फुटतो तेही दिसते. उंच भाग कानशीनं हळूहळू, फार नाही.

टाळकरी

खोड कुल्फीवाल्याकडून परत आलं. फडक्याला पिवळा डाग पडला, म्हणजे बिजाच.

पण आता वेगळीच पंचाईत. काचेनं लाल आणि हिरवा काढला. निळा थर मधल्या भागात धडका होता, तिथे खरवडताना पिवळी अक्षरं दिसू लागली. हाताने लिहिलेली, पाटीवर असतात तशी, खाली बारीक काळी सावली दिलेली. "भजन मंडळ", पुढे गावाचं नाव, "वर्गणीतून" आणि "शके 1884". एक-दोन अक्षरांचे तुकडे आधीच उडालेले आहेत.

पोट्टेही आता गप झाले. पण अर्धी ढोलकी निळी आणि अर्धी उघडं लाकूड, असं कसं ठेवायचं?

पळसफूल

1884 मध्ये 78 मिळवा, 1962 साल येतं. चैत्राच्या आधीचे दोन-तीन महिने धरले तर 1963 ची सुरुवात. तुकडोजी महाराज तेव्हा होते. त्यांचं निर्वाण 1968 चं. आर्वीपासून त्यांचा गुरुकुंज मोझरीचा आश्रम काही लांब नाही. तुमची ढोलकी महाराजांच्या हयातीत तिथे वाजली असेल का, हे म्हाताऱ्यांना विचारून पाहा आणि इथे लिहा.

टाळकरी

विचारलं. एक जण म्हणतो वाजली, एक म्हणतो तेव्हा मंडळाकडे फक्त खंजिरी होती. दोघांचं त्यावरून भांडण लागलं. इथे काही लिहीत नाही.

वऱ्हाडी_ठेका

अक्षरं मोबाइलमधी फोटो काढून ठेवा, नंतर तशीच नवी लिहून घ्या. स्वच्छ दिसते. जुनी ठेवाले काय हाय?

पाटीवाला (दारव्हा)

मी पाट्या लिहायचो. फ्लेक्स आल्यापासून ब्रश खुंटीला. ठेका भाऊ, तशीच नवी लिहून देणारा माणूस आता कुठे शोधाल? सावली दिलेलं वळणदार अक्षर गोल खोडावर लिहिणं म्हणजे खोड फिरवत, हात स्थिर ठेवून एका दमात काढावं लागतं. ज्यानं लिहिलं त्याचा हात चांगला होता, एवढं वर्णनावरूनही कळतं. ठेवा.

कसं ठेवायचं ते सांगतो. अक्षरांच्या पट्ट्यावर काच, पॉलिश पेपर, काहीही फिरवू नका. वर हिरव्याचे डाग राहिले असतील तर बोटाच्या नखानं किंवा बांबूच्या चपट्या काडीनं उचलता येतील तेवढेच उचला. ओल्या मऊ फडक्यानं धूळ पुसा. आणि थिनर जवळ आणू नका. सँडिंग सीलर, लॅकर, मेलामाइन, या सगळ्यांचा थिनर जुन्या ऑइलपेंटला फुगवतो, सुरकुत्या आणतो. सोनेरी स्प्रेच्या डब्यातही तोच असतो. एक फवारा आणि अक्षरं चामडीसारखी सोलून निघतील.

चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, लावा. तो स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि पूर्ण वाळलेल्या जुन्या ऑइलपेंटला स्पिरिट सहसा काही करत नाही. तरी आधी कोपऱ्यात, अक्षर नसलेल्या निळ्या जागी, स्पिरिटचा बोळा टेकवून पाहा. बोळ्याला निळा लागला नाही तर पुढे जा. पापुद्रे उठले असतील तर त्यांच्या खाली बारीक ब्रशनं चपडा सोडा, वर मेणकागद ठेवून बोटानं दाबा. तोच चिकटवतो.

पटाशी

पाटीवाल्यांशी सहमत, आणि उघड्या लाकडालाही चपडाच बरा. बिजा पिवळा रंग सोडतो हे पाहिलंच. त्यावर पाण्याचा प्रायमर लावला तर पिवळे डाग वर येतात. चपडा ते अडवतो.

स्पिरिट एक लिटर, चपडा 120 ग्रॅम. काचेच्या बरणीत रात्रभर, मधून मधून हलवायचं, मग सुती कपड्यानं गाळायचं. हा पातळ घोळ आहे, घाईत दाट करू नका. कापसाचा बोळा मऊ धोतराच्या तुकड्यात बांधायचा, घोळात बुडवून पिळायचा आणि लाकडाच्या रेषेबरोबर एकच हात. पुन्हा त्याच जागी लगेच जायचं नाही, बोळा चिकटतो. सात-आठ पातळ हात, मधे 400 नंबरचा पेपर हलका. अक्षरांवर पेपर नाही.

दोरीच्या चऱ्या बुजवू नका. दोरी पुन्हा तिथेच बसणार आहे.

आणि पाऊस चालू असताना चपडा लावला तर पांढुरका पडतो, हवेतली ओल आत अडकते. उघाड बघून, ऊन वर आल्यावर, दुपारी चारच्या आत हात मारायचा.

जवस_गाळप (उमरेड)

चपडा घामानं जातो. हातातल्या वस्तूला तेलच. आपल्या विदर्भात जवस पिकतं आणि तुम्ही स्पिरिटच्या बाटल्या काय आणता?

पटाशी

तेल चांगलंच आहे, पण कोणतं? घाणीचं खायचं जवस तेल लाकडावर आठवडे आठवडे ओलसर राहतं. कोजागिरीला ढोलकी हाताला चिकटेल. दुकानातलं डबल बॉइल्ड घेतलं तर एक-दोन दिवसांत वाळतं. ते आतल्या बाजूला द्या, मला चालेल. आतून लाकूड कोरडं ठाक आणि बाहेरून बंद, असं असलं की ओल एकाच अंगानं आत-बाहेर करते आणि खोड तिकडे ओढलं जातं. आतून एक हात तेल, जास्तीचं लगेच पुसून घ्यायचं. त्याच्यावर रंग नको.

घामाचं म्हणाल तर चपड्यावर वर्षातून एकदा बोळा फिरवला की जुना थर नव्यात मिसळून जातो, खरवडावं लागत नाही. ही सोय मेलामाइनसारख्या पॉलिशात नाही.

रंगारी

जवसाच्या तेलाचं निघालं म्हणून. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं, आणि चिंध्यांचा ढीग असला की ती गरमी बाहेर पडत नाही. आपोआप पेट घेतात, काडी लावावी लागत नाही. एकेक चिंधी दोरीवर मोकळी वाळत घाला, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. विशेषतः ज्यांच्या घरात कापूस भरलेला आहे त्यांनी.

जवस_गाळप (उमरेड)

हे खरं आहे. गोदामात आम्हीही चिंध्या पाण्यातच टाकतो.

नवीनच_आलो

चपड्यावर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारलं तर? चमकही येईल, घामाचंही टेन्शन नाही.

पटाशी

बाजारातल्या साध्या चपड्यात मेण असतं, पीयू त्यावर धरत नाही. वर्षभरात पापुद्रे. पुन्हा इथे धागा काढावा लागेल.

टाळकरी

चिरेचं कोणीच बोललं नाही अजून. फेविकॉल आणि भुसा भरून टाकू का?

पटाशी

मुद्दाम थांबलो होतो. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश, हवा कोरडी, लाकूड आकसतं आणि चीर सर्वात रुंद असते. पावसाळ्यात लाकूड फुगून ती मिटत येते. उन्हाळ्यात रुंद असताना टणक मसाला ठासला तर पावसाळ्यात लाकडाला फुगायला जागा उरत नाही, चीर पुढे सरकते. ऐन पावसाळ्यात बारीक असताना भरली तर उन्हाळ्यात बाजूनं सुटते. म्हणून हे काम पावसाळा ओसरताना, दसऱ्याच्या आधी करायचं. तुमची वेळ बरोबर आहे.

काठापासून निघालेली चीर ताणाखाली येते, फेविकॉल-भुसा तिथे पुरणार नाही. तो भोकांसाठी ठेवा. चिरेतला जुना रंग, तेल, मळ आरीच्या पात्यानं काढा. बिजाचीच पातळ फाचर तासा, रेषा खोडाच्या रेषेबरोबर. दोन भागांचं अराल्डाइट, तेही सावकाश घट्ट होणारं, लावून फाचर सोडा. ठोकायची नाही, नुसती बसवायची. वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, गोल खोडाला शिकंजा बसत नाही. चोवीस तास हात लावू नका. चिरेच्या टोकाला, जिथे ती संपते, एक अगदी बारीक भोक पाडून तेही भरलं तर पुढे जायची शक्यता कमी होते.

वडसा_रातपाळी

फाचर बसल्यावर काठ पुन्हा फरशीवर पाहा जी. तिथेच उंचवटा राहते.

वऱ्हाडी_ठेका

म्हंजे अर्धी निळी अर्धी लाकडी, अशीच ठेवाची?

पाटीवाला (दारव्हा)

निळ्या पट्ट्याची कड सरळ करून घ्या. अक्षरांच्या वर-खाली दोन बोटं निळा ठेवून बाकी लाकडापर्यंत काढा. दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून काच फिरवली की रेषा सुतात येते. मग तो पट्टा मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. जी अक्षरं उडाली आहेत ती पुन्हा लिहायची नाहीत. वाचता येतात ना?

टाळकरी

येतात. फक्त "वर्गणीतून" मधला रफार राहिला नाही.

पाटीवाला

राहू द्या.

वऱ्हाडी_ठेका

पोट्ट्यांच्या सोनेरीचं काय? थे नाराज होतील ना भाऊ. उद्या तेच वाजवणार हायेत.

पळसफूल

खोळ शिवा जाड मांजरपाटाची, आतून जुनं ब्लँकेट. रेडियम, सोनेरी, जे पाहिजे ते खोळीवर. खोळ खराब झाली की दुसरी.

टाळकरी

हे पटलं पोट्ट्यांना. डिझाइनवरून तिकडे वेगळं भांडण चालू आहे.

फाचर बसली, काठावर थोडी कानस फिरवावी लागली. पट्टा टेप लावून सरळ केला. आत तेलाचा एक हात वाळला. चपड्याचे हात चालू आहेत. बिजा मधासारखा दिसतो हे कोणी सांगितलं नव्हतं. पुड्या मढवायला अमरावतीला टाकायच्या की नागपूरला, यावर मंडळात दोन तट आहेत.

वडसा_रातपाळी

कुठेही टाका, पण खोड सोबत न्या. नुसतं माप देऊन पुडी आणू नका. जुन्या खोडाचं तोंड पूर्ण गोल राहात नाही, कारागिरानं त्याच्यावर बसवूनच गजरा (पुडीच्या काठाची वेणी) विणला पाहिजे. आणि त्याला आधीच सांगा, निळ्या पट्ट्यावर हातोडी टेकवू नको.

पटाशी

चपडा शेवटच्या हातानंतर आठवडाभर तरी मुरू द्या, मगच दोरी चढवा. नाहीतर दोरीचे वळ उठतात. उन्हाळ्यात देवळाच्या टिनाखाली माळ्यावर ठेवू नका, तिथे चपडाही मऊ पडतो आणि तुमची फाचरही उघडते. प्लास्टिकमध्ये तर नकोच, आत ओल धरते. भिंतीपासून सुटी, खुंटीला, खोळीत.

टाळकरी

देवळात खुंटी आहे, पण तिच्यावर सध्या लाउडस्पीकरची वायर आहे. ती काढायला सरपंचाला सांगतो.